इंग्रजीचा वर्ग आणि घरचे प्रश्न

इंग्रजी शिक्षणाचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठराविक रीति पडून गेली आहे. प्रथम मेकॉलेसाहेबांचें १८३५ सालचें टिपण, मग १८५४ चा वुड यांचा खलिता, मग १८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ, आणि त्यापुढें त्या विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या थोर पुरुषांची नामावळी. ही मांडणी खोटी नव्हे. परंतु तींत एक माणूस कोठेंच भेटत नाहीं, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष वर्गांत बसलेला विद्यार्थी. वय चौदापंधरा वर्षांचें, बहुधा लग्न होऊन गेलेलें, घरीं सोवळेंओवळें कडक, आणि समोर परक्या भाषेंतील पुस्तक! या मुलाच्या मनांत त्या तासाला काय चालत असेल, आणि तेथें त्याच्या डोक्यांत शिरलेला विचार घेऊन तो सायंकाळीं घरीं परतला म्हणजे त्याचें पुढें काय होत असेल, हा प्रश्न आम्हांस त्या खलित्यांहून आणि टिपणांहून अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या इकडील बहुतेक सामाजिक वादांचीं मुळें शोधीत गेलें तर तीं शेवटीं अशाच कोणत्या तरी वर्गाच्या दारापाशीं येऊन थांबतात.

मुंबईस शालापुस्तकमंडळी १८२२ सालीं निघाली. एल्फिन्स्टनसाहेब १८२७ सालीं हिंदुस्थान सोडून गेले, तेव्हां त्यांच्या नांवानें लोकांनीं वर्गणी जमविली, आणि त्या पैशांतून विलायतेहून अध्यापक आणण्याचें ठरलें. ऑर्लेबार व हार्कनेस हे दोन अध्यापक १८३५ सालीं येऊन पोंचले. बाळशास्त्री जांभेकर हे त्यांच्या आधीं एक वर्षच साहाय्यक अध्यापकाच्या जागीं नेमले गेले होते. पुढें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या नांवानें प्रसिद्धीस आलेली संस्था ती हीच. तेथें इंग्रजी भाषा ही केवळ भाषा म्हणून शिकविली जात नसे. तिच्याबरोबर इंग्लंड, ग्रीस व रोम यांचे इतिहास येत, भूगोल व खगोल येत, अर्थशास्त्राचीं मूलतत्त्वें येत. मोल्सवर्थ यांचा इंग्रजी-मराठी कोश तर १८४७ पर्यंत छापूनच निघाला नव्हता. तेव्हां पहिल्या पिढीच्या मुलांस कित्येक शब्द असे भेटत कीं ज्यांस घरांत, बाजारांत किंवा पोथींत कोठेंही जोडीचा शब्द नसे. शब्दाचा अर्थ लावतां लावतां ती वस्तुच प्रथम मनांत उभी करावी लागे. राजावांचून चालणारें राज्य किंवा राजासही बांधून टाकणारा कायदा म्हणजे काय, हें समजल्याशिवाय वाक्याचा अन्वय लागत नसे. भाषा शिकण्यासाठीं प्रथम विचार शिकावा लागला, ही त्या पिढीची मोठीच अडचण होती, आणि तिचें भाग्यही तेंच होतें.

पण आमच्या मतें या वर्गानें केलेली खरी उलथापालथ वाचनानें झाली नाहीं, लेखनानें झाली. मास्तर फळ्यावर एक विषय लिहीत आणि मुलांनीं त्यावर निबंध लिहावयाचा, ही गोष्ट आज आपणांस इतकी अंगवळणी पडली आहे कीं तींतील नवलाई लक्षांतच येत नाहीं. आमच्या जुन्या पाठशाळांतून वाद होत नसे असें कोणी समजूं नये. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, खंडन, मंडन यांची तेथें उत्तम तालीम असे; एखाद्या नैयायिकाच्या तीक्ष्ण बुद्धीपुढें मुंबईच्या चार पदवीधरांची भंबेरी उडाली असती. मात्र त्या वादाचे विषय ठरलेले होते. घट, पट, अग्नि आणि धूम यांच्यासंबंधानें वाटेल तितका काथ्याकूट करण्यास मोकळीक होती. पण आपली आठ वर्षांची भावजय विधवा झाली आणि तिचें केशवपन झालें, तें योग्य कीं अयोग्य, असा पक्ष पंधरा वर्षांच्या मुलानें पुढें मांडावा आणि त्यास गुरूनें गुण द्यावे, ही कल्पनाच त्या जगांत नव्हती. इंग्रजीच्या वर्गानें विद्यार्थ्यास प्रथमच विचारलें कीं, बाबा, याविषयीं तुझें स्वतःचें मत काय? आणि मत विचारलेला मनुष्य पूर्वीचा राहत नाहीं.

असें मत देण्यास शिकलेला विद्यार्थी काय करूं शकतो, याचें एक ठळक उदाहरण फार लौकर घडून आलें. भास्कर पांडुरंग तर्खडकर हे एल्फिन्स्टनच्या वर्गांत तयार झालेले गृहस्थ. त्यांनीं १८४१ सालीं मुंबईच्या 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रांत 'एक हिंदु' अशा सहीनें आठ पत्रें लिहिलीं. त्यांत इंग्रजांच्या राज्यानें या देशाचें कल्याण झालें, या समजुतीचा त्यांनीं निर्भीडपणें समाचार घेतला. व्यापाराच्या व कराच्या मार्गानें देशाचें द्रव्य कसें बाहेर जातें, हें दाखवून दिलें. या वेळीं लेखकाचें वय अवघें पंचविशीचें होतें, आणि दादाभाईंचा प्रसिद्ध सिद्धांत लोकांपुढें येण्यास अद्याप कित्येक वर्षें होतीं. ज्यांची भाषा त्यांच्याच दारांत जाऊन त्यांना हिशेब विचारावा, असा हा प्रकार होता.

येथें एक गोष्ट नमूद करणें जरूर आहे. वर्गांत मत विचारीत हें खरें. पण सर्वच मतें सारख्या कौतुकानें ऐकून घेत असत, असें मात्र नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या चरित्रकारांनीं त्यांच्या विद्यार्थिदशेंतील एक हकीगत सांगितली आहे. त्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना केली आणि ती इंग्रजी राज्यास फारशी अनुकूल उतरली नाहीं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे वास्तविक रानड्यांच्या बुद्धीचे चाहते. त्यांनीं या तरुणास बोलावून घेतलें. ज्या सरकारच्या पैशानें आपण शिकतों त्याची निंदा करणें शोभत नाहीं, अशी समज दिली, आणि सहा महिन्यांसाठीं त्याची शिष्यवृत्ति बंद केली! बालविवाहावर, जातिभेदावर किंवा मूर्तिपूजेवर हाच विद्यार्थी याहून दसपट कडक भाषेंत लिहिता तर त्यास शाबासकीच मिळाली असती, याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. आपलें घर खुशाल झाडावें, पण घरमालकाविषयीं बोलूं नये, असा त्या वर्गाचा अलिखित नियम होता. पुढें सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय आधीं, असा जो कडाक्याचा वाद पुण्यांत माजला, त्यांत सुधारणेच्या विरोधकांच्या हातीं एक हत्यार या नियमानेंच दिलें. सुधारक हे साहेबाच्या शिकवणीनें बोलतात, असा आरोप त्यांना करतां आला. आरोप अन्यायाचा होता. रानड्यांनीं शिष्यवृत्ति घालविली होती, हें आरोप करणारे सोयीस्करपणें विसरले. तथापि तो लोकांच्या मनास पटे, आणि कां पटे याचें कारण त्या वर्गाच्या या पक्षपातांत आहे.

आतां निबंध वहींत न राहतां उठून चालूं लागला, त्या प्रसंगाकडे वळूं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या अध्यक्षतेखालीं १८४८ च्या जून महिन्यांत एक सभा स्थापन केली. मराठींत तिला 'विद्यार्थ्यांची वाङ्मयविषयक व शास्त्रीय सभा' म्हणावें. ठरावीक दिवशीं जमावें, कोणी निबंध वाचावा, इतरांनीं त्यावर बोलावें, असा क्रम. अशा सभा पुढें गांवोगांव निघाल्या आणि बहुतेक निबंध वाचून विसरल्या गेल्या. परंतु १८४९ सालीं या सभेंत बेहरामजी गांधी या पारशी विद्यार्थ्यानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, आणि त्यावर झालेल्या चर्चेंत एक अगदीं साधा पण अडचणीचा प्रश्न उभा राहिला. इतकें सगळें तुम्हांस पटलें असेल, तर तुम्ही त्यासाठीं काय करणार? या प्रश्नास भाषेनें उत्तर देतां येत नाहीं. कांहीं सभासदांनीं तें कृतीनें दिलें. आपला अभ्यास व अध्यापनाचें काम सुरू होण्यापूर्वीं, सकाळच्या वेळीं, पैसा न घेतां मुलींस शिकवावयाचें त्यांनीं ठरविलें, आणि त्याच वर्षीं पारशी व हिंदु मुलींसाठीं शाळा उघडल्या. त्या तरुणांत दादाभाई नवरोजी होते. घरोघर जाऊन, लोकांच्या ओसरीवर उभे राहून, तुमची मुलगी आमच्याकडे पाठवा अशी विनवणी करावी लागे. कोठें हंसून वाटेस लावीत, कोठें शिव्या मिळत. हिंदु मुलींच्या शाळेस जगन्नाथ शंकरशेट यांनीं आपला आश्रय दिला. एका निबंधापासून इतकें घडलें.

या सभेच्या मराठी व गुजराती शाखाही लागलीच निघाल्या, आणि आमच्या दृष्टीनें मूळ सभेपेक्षां त्यांचेंच महत्त्व अधिक. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग, म्हणजे वर सांगितलेल्या भास्कर पांडुरंगांचे बंधु व मराठी व्याकरणकार. या शाखेचें 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक १८५० पासून निघूं लागलें. वर्गांत इंग्रजींत वाचलेलें मराठींत आणून मांडावें लागलें, तेव्हांच त्यांतील खरें किती आणि पोपटपंची किती याचा उलगडा झाला. परक्या भाषेंत मोठाले शब्द वापरण्यास धैर्य लागत नाहीं; आईला समजेल अशा भाषेंत तीच गोष्ट सांगावयाची म्हणजे पोटांत गोळा उठतो. याच काळांत, १८४८ पासून, भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकर' पत्रांत गोपाळ हरि देशमुख या पंचवीस वर्षांच्या तरुण सरकारी नोकराचीं 'लोकहितवादी' या नांवानें पत्रें येऊं लागलीं. त्यांनीं पुण्याच्या इंग्रजी शाळेंत कांहीं वर्षें काढलीं होतीं. त्या पत्रांची भाषा कित्येकांस ओबडधोबड वाटली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं तर पुढें 'निबंधमालें'त त्यांची यथेच्छ टर उडविली. आमचें मत असें आहे कीं, विष्णुशास्त्र्यांचें मराठी कितीही डौलदार असलें तरी त्या ठिकाणीं त्यांचा न्याय चुकला. लोकहितवादींची भाषा धापा टाकीत चालते. कारण ती एक अवघड ओझें एका भाषेंतून दुसरींत वाहून आणीत होती.

घरच्या मंडळींस मात्र या सर्व प्रकाराची धास्तीच वाटे, आणि त्या धास्तीस निमित्तही तसेंच घडलें होतें. मुंबईंतील मिशनरी शाळेंत शिकणारा नारायण शेषाद्रि याचा १८४३ सालीं बाप्तिस्मा झाला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपति हाही मिशनरींच्या घरीं जाऊन राहिला. बापानें फिर्याद केली आणि न्यायालयानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. येथें प्रश्न मिटावयास हवा होता, पण खरी गोष्ट येथूनच पुढें सुरू झाली. परधर्मीयांच्या घरीं जेवलेला हा मुलगा जातींत परत घ्यावा कीं नाहीं? बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष उचलून धरला, शास्त्राधार गोळा केले, निंदा सोसली. ज्यांनीं मुलगा परत मिळावा म्हणून आकाशपाताळ एक केलें होतें, त्यांतीलच कित्येक तो परत आल्यावर त्यास पंक्तीस घेण्यास तयार होईनात! एका बारा वर्षांच्या पोराच्या ताटावरून सारी मुंबई दुभंगली. आपल्या समाजाचें दार बाहेर जाण्यासाठीं उघडें आणि आंत येण्यासाठीं बंद आहे, ही गोष्ट जीं मुलें त्या वेळीं वर्गांतून ऐकत होतीं, त्यांच्या मनावर तिचा परिणाम कोणत्याही निबंधापेक्षां खोल झाला असला पाहिजे.

त्याचें एक फळ म्हणजे १८४९ च्या सुमारास मुंबईस निघालेली परमहंस सभा. जातिभेद मोडावा हा तिचा उद्देश. सभासद होणाऱ्यानें ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा आणि मुसलमानानें आणलेलें पाणी प्यावें, असा तेथील दंडक. पण सभा गुप्त! दार लावून पाव खावयाचा आणि दार उघडून सोवळें नेसावयाचें. सभासदांची यादी चोरीस गेली आणि नांवें फुटतील या भयानें १८६० च्या सुमारास ती सभा मोडली. या तरुणांची थट्टा करणें आज फार सोपें आहे, आणि ती पुष्कळांनीं केलीही आहे. आम्हांस मात्र त्यांची कींव येते, आणि थोडा आदरही वाटतो. बहिष्कार म्हणजे काय याची ज्यांस कल्पना नाहीं त्यांनींच त्यांस भेकड म्हणावें. न्हावी बंद, पाणवठा बंद, बहिणीचें लग्न बंद, बापाच्या प्रेतास खांदा देण्यास माणूस नाहीं. सोळासतरा वर्षांच्या पोरानें इंग्रजींत एक मत बनविलें, आणि तें मराठींत जगण्याची किंमत त्याच्या आईबहिणींनीं द्यावयाची, असा तो सौदा होता. बाबा पदमनजी या सभेंतले. त्यांनीं हा दुटप्पीपणा फार दिवस सहन केला नाहीं. ते १८५४ सालीं ख्रिस्ती झाले, आणि १८५७ सालीं विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' ही कादंबरी त्यांनीं मराठींत लिहिली. त्यांचा मार्ग बहुतेकांस पटण्यासारखा नव्हता. पण आपल्या मताची किंमत त्यांनीं स्वतः मोजली एवढें मान्य केलें पाहिजे.

आतांपर्यंत ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांच्या प्रश्नांकडे वाचकांनीं पुनः एकवार नजर टाकावी. विधवांचें दुःख, बालविवाह, स्त्रीशिक्षण, पंक्तीचा भेद, सुतकसोवळें. हे सर्व खरे प्रश्न आहेत यांत संशय नाहीं. पण हे विशिष्ट घरांतले प्रश्न आहेत. वर्गांत जो बसतो त्याच्याच घरचें दुःख निबंधाचा विषय होतें, आणि त्या वर्गांत कोण बसत होतें हें उघड आहे. शिक्षणमंडळाचें धोरणच असें होतें कीं, प्रथम वरच्या वर्गांस चांगलें शिक्षण द्यावें, मग तें हळूहळू खालीं झिरपेल. झिरपण्याचा हा सिद्धांत ज्यांनीं काढला त्यांनीं आमच्या समाजाची जमीन पाहिली नसावी. येथें थराथरामध्यें कातळ आहे.

जोतीराव फुले या वर्गांत आले ते दाराशीं अडखळतच. प्रथम घातलेली शाळा सुटली. मुलगा शिकला तर शेतीच्या उपयोगाचा राहणार नाहीं, असें एका कारकुनानें वडिलांच्या मनांत भरवून दिलें, असें चरित्रकार सांगतात. गफार बेग मुन्शी व लेजिट या दोघां शेजाऱ्यांनीं समजूत घातली म्हणून १८४१ सालीं ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. तेथें ते १८४७ पर्यंत शिकले, आणि टॉमस पेन यांचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ त्यांनीं याच सुमारास वाचला. पुढच्याच वर्षीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या मिरवणुकींत, तूं शूद्र असून आमच्या बरोबरीनें चालतोस कसा, म्हणून त्यांचा अपमान झाला. हे दोन प्रसंग एकामागून एक यावे यांत इतिहासाचा मोठा मर्मभेदकपणा आहे. तोच ग्रंथ दुसऱ्याही कित्येकांनीं वाचला असेल. परंतु मिरवणुकींतून हांकलून दिलेल्या माणसानें वाचलेला पेन निराळा असतो. जोतीरावांनीं त्याच १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंना शिक्षिका केलें, आणि पुढें महारमांगांच्या मुलांसाठींही शाळा घातल्या. त्यांच्या या कामांत गोवंडे, वाळवेकर, परांजपे हे ब्राह्मण मित्र त्यांच्या बाजूस उभे होते, हेंही सांगितलें पाहिजे.

त्यांच्या शाळेंतून जें निघालें तें मात्र कोणत्याही इंग्रजी वर्गांतून निघालें नव्हतें. मुक्ता नांवाची चौदा वर्षांची एक मातंग मुलगी. तिचें शाळेंतलें शिक्षण तीन वर्षांचें, आणि तेंही मराठींत. तिनें महारमांगांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत दोन हप्त्यांनीं छापला गेला. आम्हीं तो अनेक वेळां वाचला आहे. त्यांत ग्रीस नाहीं, रोम नाहीं, मोठ्या ग्रंथकारांचीं वचनें नाहींत. आमचा धर्म कोणता, हें देवासच ती विचारते. आमच्या स्त्रिया उघड्यावर, थंडीवाऱ्यांत बाळंत होतात तेव्हां त्यांचे हाल काय होत असतील, हें ती वाचणाऱ्यापुढें ठेवते. इमारतींच्या पायांत आमच्या माणसांस पुरीत असत, याची आठवण देते. एल्फिन्स्टनच्या विद्वान सभेंत सात वर्षांत जे निबंध वाचले गेले, त्यांत बाळंतिणीच्या अंगावरील वाऱ्याचा उल्लेख कोणी केला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. तो करण्यासाठीं त्या वाऱ्यांत उभें असावें लागतें.

याच्या पुढच्याच वर्षीं, १८५६ सालीं, मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलानें दाद मागितली तेव्हां मुंबई सरकारनें असें ठरविलें कीं, अन्याय होतो आहे खरा, पण एका मुलासाठीं बाकीच्यांनीं शाळा सोडली तर काय करावें? म्हणून आपण मध्यें पडूं नये. प्रकरण कलकत्त्यास गेलें, तेथून विलायतेस गेलें, आणि सरकारी शाळेचें दार जातीच्या कारणानें कोणासही बंद असूं नये, असा निर्णय कंपनीच्या संचालकांनीं दिला. कागदावर न्याय झाला. पण त्या कागदास धारवाडच्या शाळेच्या उंबऱ्यापर्यंत पोंचावयास किती वर्षें लागलीं हें पुढचा इतिहासच सांगतो. समुद्र ओलांडण्यास त्यास फारसा वेळ लागला नाहीं. उंबरा ओलांडणें अवघड झालें. हंटर कमिशनपुढें १८८२ सालीं जोतीरावांनीं आपलें निवेदन दिलें, त्यांत त्यांची मुख्य तक्रार हीच होती कीं, शेतकऱ्याच्या करांतून उच्च शिक्षणाचा खर्च चालतो आणि त्याचीं मुलें प्राथमिक शाळेसही मुकतात.

मुलींची कथा याहून निराळी, पण तिच्यांतही उंबराच आहे. रमाबाई रानडे यांस न्यायमूर्तींनीं घरींच मराठी, मग इंग्रजी शिकविलें. वर माडीवर धडा चाले आणि खालीं माजघरांत टोमणे चालत. मुलींसाठीं हायस्कूल असावें म्हणून गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांसमोर रमाबाईंनीं इंग्रजी निवेदन वाचलें. सभेंत टाळ्या पडल्या, आणि घरीं आल्यावर घरच्याच बायकांनीं त्यांस इतकें बोलून घेतलें कीं ती बाहेरची टाळी विरून गेली. तें हायस्कूल १८८४ सालीं हुजुरपागेंत निघालें. तेथील अभ्यासक्रमावर टिळकांच्या 'मराठा' व 'केसरी' पत्रांनीं कडाडून टीका केली. मुलींस इंग्रजी आणि शास्त्रें शिकवून काय साधणार, घरकामाच्या वेळीं शाळेंत बसवून संसाराचें काय होणार, असा त्या टीकेचा सूर होता. गंमत अशी कीं, ज्या मंडळींनीं चार वर्षांपूर्वींच पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें आणि ज्यांच्यापैकीं एकानें इंग्रजीस वाघिणीचें दूध म्हटलें असें सांगतात, त्यांच्याच गोटांतून ही टीका आली. दूध मुलग्यांस पचतें आणि मुलींस बाधतें, असा हा वैद्यकाचा नवा शोध होता. त्याच गोटांतील आगरकरांस तो पटला नाहीं. त्यांनीं १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें. मराठी बाजू ते स्वतः लिहीत आणि इंग्रजी बाजू गोपाळराव गोखले सांभाळीत. एकाच पत्रांत दोन भाषा शेजारीं बसल्या. मराठी बाजूमुळें मात्र आगरकरांची जिवंतपणीं प्रेतयात्रा निघाली. इंग्रजी बाजूनें तसा कोणाचा क्षोभ ओढवून घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

शिक्षण कोणत्या भाषेंतून द्यावें, हा वाद आज पुनः घरोघर चालू आहे आणि आमचे कित्येक वाचक आपल्या मुलांच्या शाळेची निवड करतांना त्यांत सांपडलेले असतील. तो वाद १८४७-४८ सालींही असाच रंगला होता. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. शंकरशेटांचें म्हणणें असें कीं, सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यावयाचें तर तें त्यांच्याच भाषेंतून गेलें पाहिजे. दोन्ही पक्षांचीं टिपणें वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. दोघेही माध्यमाविषयीं बोलतात. वर्गांत कोण बसणार याविषयीं फारच थोडें बोलतात. आजही तसेंच चाललें आहे. आणि निबंधाची दशा तर त्याहून वाईट. बाजारांत तयार निबंधांचीं पुस्तकें मिळतात, मुलें तीं पाठ करतात, आणि हुंड्यापासून पर्यावरणापर्यंत प्रत्येक प्रश्नावर महाराष्ट्रांतील हजारों मुलांचें मत अक्षरशः एकच निघतें! ज्या साधनानें एकेकाळीं मुलास स्वतःचें मत असतें हें शिकविलें, तेंच आतां तें नसलें तरी चालतें हें शिकवीत आहे. मोठ्या शहरांतील महागड्या शाळांतही, कोठें एखादा चांगला शिक्षक भेटला नाहीं तर, निराळा प्रकार नाहीं.

एल्फिन्स्टनच्या वर्गाकडे शेवटीं एकदां वळतों. रानडे विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं उतरले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनीं एल्फिन्स्टन हायस्कुलांत एक महार विद्यार्थी बसत होता. संस्कृत शिकण्याची त्याची इच्छा होती, पण जातीमुळें तें शिकतां आलें नाहीं आणि फारसी घ्यावी लागली. फळ्यावर गणित सोडविण्यास शिक्षकांनीं त्यास एकदां बोलाविलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले जेवणाचे डबे त्याच्या सावलीनें विटाळतील म्हणून वर्गांतील मुलांनीं धांवत जाऊन ते बाजूस काढले. सरकारचा निर्णय होऊन तेव्हां पन्नास वर्षें होत आलीं होतीं. हा विद्यार्थी १९०७ सालीं मॅट्रिक झाला, तेव्हां त्याच्या सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं भीमराव आंबेडकर या त्या मुलास आपण लिहिलेलें एक पुस्तक भेट दिलें. तें पुस्तक बुद्धाचें चरित्र होतें, आणि तें मराठींत होतें.